भोसरी ते हाइलब्रॉन : दूरच्या दोन मुलखांतला व्यापार चेंबर कसा जोडते

घर बदलताना आपण ज्या गाडीत सामान भरतो तिला मराठीत सर्रास ‘टेम्पो’ म्हणतात. हा शब्द मुळात हॅम्बुर्गच्या ‘फिडाल अँड सोन’ या कंपनीच्या गाड्यांचे नाव होता. १९५८ मध्ये फिरोदियांच्या पुढाकाराने बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन झाली आणि तिने या जर्मन कंपनीच्या सहकार्याने तीनचाकी मालवाहू गाडी भारतात आणली. पुढे ती जर्मन कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली, इथल्या कंपनीचेही नाव बदलून फोर्स मोटर्स झाले, पण शब्द मात्र आपल्या बोलण्यात कायमचा राहिला.

त्या काळी एक मोठा उद्योजक आणि एक परदेशी कंपनी यांचा करार पत्रव्यवहार, परवाने आणि बोटीचा प्रवास यांतून घडत असे. आज भोसरीच्या एमआयडीसीतल्या एखाद्या शेडमध्ये पोलादी बोल्ट बनवणारा कारखानदार जर्मनीतल्या हाइलब्रॉन शहराजवळच्या यंत्रनिर्मात्याला एका मिनिटात ईमेल पाठवू शकतो. पत्ता मिळतो, भाव मिळतो, मालाचे फोटोही पाठवता येतात, आणि तरीही अशा शंभर ईमेलांपैकी बहुतेकांना उत्तर येत नाही. अडचण पत्त्याची नसते. समोरचा माणूस खरोखर आहे का, तो सांगतो तेवढी यंत्रे त्याच्याकडे आहेत का, माल बिघडला तर त्याला कुठे गाठायचे आणि पैसे अडकले तर कोणाकडे दाद मागायची, हे प्रश्न दोन्ही बाजूंना पडलेले असतात. साडेसहा हजार किलोमीटरच्या अंतरावर बसून ते एकमेकांना थेट विचारताही येत नाहीत, कारण उत्तर देणारा शेवटी स्वतःबद्दलच बोलत असतो. चेंबर ऑफ कॉमर्स नावाची संस्था या नेमक्या अडचणीसाठी आहे. तिचे काम कसे चालते ते भोसरी आणि हाइलब्रॉन या जोडीच्या आधारे पाहू. दोन्ही कारखाने उदाहरणासाठी घेतलेले आहेत, पण त्यांच्या वाटेत येणाऱ्या संस्था, नियम आणि कागद खरे आहेत.

चेंबर म्हणजे व्यापारी आणि उद्योजकांनी एकत्र येऊन चालवलेली संस्था. ती सरकारी खाते नसते आणि नफ्यासाठी चालणारी कंपनीही नसते. ही कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. मराठेशाहीत नवी पेठ वसवताना व्यापाऱ्यांना कौल देऊन बोलावले जाई, काही वर्षे करात सूट मिळे आणि पेठेतला व्यवहार सुरळीत राहावा यासाठी शेटे-महाजन हे वतनदार असत. बाहेरगावच्या व्यापाऱ्याला पेठेत कोणाशी बोलायचे हे त्यामुळे ठाऊक असे. चेंबर या नावाची पहिली संस्था फ्रान्समधील मार्सेय बंदरात १५९९ मध्ये उभी राहिली, असे सामान्यतः मानले जाते, आणि तिचे लक्षही भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या दूरच्या बंदरांशी चालणाऱ्या व्यापारावरच होते. मुंबईत बॉम्बे चेंबर १८३६ मध्ये निघाले, पण त्यात वर्चस्व युरोपीय व्यापाऱ्यांचे होते. म्हणून १९०७ मध्ये इंडियन मर्चंट्स चेंबर, १९२७ मध्ये वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र चेंबर आणि १९३४ मध्ये पुण्यात मराठा चेंबर अशा संस्था उभ्या राहिल्या.

जर्मनीतले चेंबर आणि आपले चेंबर यांत मात्र एक मूलभूत फरक आहे, आणि तो समजल्याशिवाय पुढचे नीट कळत नाही. भारतात आणि ब्रिटनमध्ये चेंबरचे सदस्यत्व ऐच्छिक असते. वर्गणी भरली तर सदस्य, नाही तर नाही. जर्मनीत ते कायद्याने सक्तीचे आहे. कारागिरी व्यवसायांची वेगळी चेंबर आहेत, शेती आणि वकिलीसारख्या व्यवसायांचीही व्यवस्था वेगळी आहे. ते वगळता जवळपास प्रत्येक उद्योगाला आपल्या विभागाच्या उद्योग-व्यापार चेंबरचे सदस्य व्हावेच लागते. त्या देशात अशी ७९ विभागीय चेंबर आहेत आणि जर्मन आद्याक्षरांवरून त्यांना ‘आयएचके’ म्हणतात. हाइलब्रॉनचेही स्वतःचे आयएचके आहे. सक्तीमुळे तिथल्या काही उद्योजकांची कुरकुर चालूच असते, पण तिचा एक फायदा मोठा आहे. दहा कामगारांचा कारखानाही चेंबरच्या नोंदीत असतो आणि त्याच्या मालकाला आपले चेंबर कुठे आहे हे माहीत असते. आपल्याकडे उलट स्थिती आहे. भोसरी-चाकणच्या कितीतरी छोट्या शेडचे मालक कोणत्याच चेंबरचे सदस्य नसतात, आणि ‘ते मोठ्या लोकांचे काम’ अशी त्यांची पक्की समजूत असते. ही समजूत अगदीच निराधार आहे असेही मला म्हणवत नाही. ऐच्छिक संस्थेत ज्याला वेळ आणि वर्गणी दोन्ही परवडते त्याचाच आवाज मोठा होतो.

या दोन व्यवस्थांच्या मध्ये तिसरी एक संस्था उभी असते, ती म्हणजे द्विपक्षीय चेंबर. इंडो-जर्मन चेंबर ऑफ कॉमर्स १९५६ मध्ये मुंबईत स्थापन झाले. त्याचे सदस्य भारतीय कंपन्याही आहेत आणि जर्मन कंपन्याही. मुख्य कार्यालय मुंबईत, पुण्यासह देशातल्या अनेक शहरांत शाखा आणि जर्मनीत ड्युसेलडॉर्फला एक कार्यालय अशी त्याची रचना आहे. जर्मनीने जगभर पसरलेले परदेशी चेंबरांचे जे जाळे विणले आहे, त्यात सदस्यसंख्येने हे सर्वांत मोठे गणले जाते. त्याचा खर्च सदस्यांची वर्गणी, सेवांचे शुल्क आणि जर्मन केंद्र सरकारचे काही साहाय्य यांतून भागतो. म्हणजे मध्यस्थाला दोन्हीकडे जबाबदार राहावे लागते, आणि मध्यस्थ एका बाजूचा आहे असे वाटले की त्याचा शब्द संपतो.

आता प्रत्यक्ष व्यवहार कसा पुढे सरकतो ते पाहू. हाइलब्रॉनजवळच्या यंत्रनिर्मात्याला बोल्टसाठी दुसरा पुरवठादार हवा आहे, कारण एकाच देशातल्या एकाच पुरवठादारावर विसंबून राहणे त्याला धोक्याचे वाटू लागले आहे. तो इंटरनेटवर शोध घेतो, पण त्यावर त्याचा भरवसा बसत नाही. हाइलब्रॉन ज्या राज्यात आहे ते बाडेन-व्युर्टेम्बर्ग अशा मध्यम आकाराच्या, तीन-तीन पिढ्या एकाच घराण्याच्या हाती असलेल्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्यांपैकी अनेक कारखाने छोट्या गावांत असतात आणि त्यांचे मालक स्वभावाने आपल्याकडच्या जुन्या पेढीवाल्यासारखे असतात. ओळखीशिवाय उधार नाही आणि खात्रीशिवाय ऑर्डर नाही. हा मालक आपल्या आयएचकेला विचारतो, तिथून विचारणा मुंबईतल्या इंडो-जर्मन चेंबरकडे येते, आणि मग ठरावीक शुल्क घेऊन व्यावसायिक भागीदार शोधून देण्याचे काम सुरू होते. हे काम फुकट नसते, आणि मला ते योग्यच वाटते. फुकट मिळालेली यादी कोणी गांभीर्याने तपासत नाही.

या शोधाचे फलित म्हणजे एक यादी. पहिल्या फेरीत वीसेक नावे असतात, शेवटी चार-पाच उरतात. गाळणी कशी लागते? जीएसटी क्रमांक चालू आहे का, कंपनी निबंधकाकडे वार्षिक विवरणे वेळेवर भरली आहेत का, गुणवत्तेचे आयएसओ ९००१ किंवा वाहन उद्योगासाठी लागणारे आयएटीएफ १६९४९ प्रमाणपत्र खरे आणि मुदतीतले आहे का, यंत्रांच्या यादीत लिहिलेली यंत्रे शेडमध्ये खरोखर उभी आहेत का, हे पाहिले जाते. माझ्या मते याहून उपयोगी कसोटी अगदी साधी आहे. चेंबरने पाठवलेल्या पहिल्या विचारणेला दोन दिवसांत सरळ उत्तर आले का? जो इथे आठवडा लावतो, तो ऑर्डर मिळाल्यावर ड्रॉइंगमधली शंका विचारायलाही आठवडाच लावणार.

तपासणी उलट दिशेनेही व्हायला हवी, आणि आपले उद्योजक इथे कमी पडतात. जर्मन ग्राहक म्हणजे पैसे बुडणारच नाहीत, असा एक भाबडा विश्वास आपल्याकडे असतो. वास्तविक जर्मनीत कंपन्यांची नोंदवही न्यायालयांमार्फत ठेवली जाते आणि ती कोणालाही पाहता येते. कंपनी अस्तित्वात आहे का, तिचे भागभांडवल किती आणि तिच्या वतीने सही करण्याचा अधिकार कोणाला आहे, हे त्यात स्वच्छ लिहिलेले असते. सहीच्या या अधिकाराच्या एका प्रकाराला तिकडे ‘प्रोकुरा’ म्हणतात आणि तो कोणाकडे आहे हेसुद्धा नोंदवहीत असते. करारावर सही करणारा खरेदी-अधिकारी त्या यादीत आहे की नाही, एवढे चेंबरकडून तपासून घेतले तरी पुढची बरीच डोकेदुखी टळते.

मग प्रत्यक्ष भेट होते. शिष्टमंडळ पुण्यात येते, हॉटेलच्या सभागृहात गोल टेबले मांडलेली असतात, प्रत्येक टेबलावर नावाची पाटी, चहा-कॉफी आणि बिस्किटे असतात, आणि अर्ध्या-अर्ध्या तासाच्या भेटी घड्याळ लावून चालतात. अशा टेबलावर एक छोटा, पण नेहमीचा घोटाळा होतो. जर्मन पाहुणा विचारतो की नमुन्याचे दोनशे नग चार आठवड्यांत मिळतील का. आपला कारखानदार म्हणतो, “होऊन जाईल.” आपल्याला ऐकताच कळते की यात इच्छा आहे, प्रयत्न करण्याची तयारी आहे, आणि थोडी अनिश्चितताही आहे. पाहुण्याच्या वहीत मात्र याची नोंद ‘होय, चार आठवडे’ एवढीच होते. पाचव्या आठवड्यात इकडे कोणालाच काही बिघडल्यासारखे वाटत नाही, तिकडे मात्र शब्द मोडल्याची खूण झालेली असते. चेंबरचा अनुभवी माणूस टेबलाजवळ असेल तर तो तिथल्या तिथे विचारतो, “नक्की चार की सहा? सहा सांगा, चालेल.” हे भाषांतर भाषेचे नसून सवयीचे आहे, आणि अशी दहा मिनिटांची मदत दहा पानी सामंजस्य करारापेक्षा जास्त किमतीची असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

सामंजस्य करारांचा विषय निघालाच आहे तर तोही उरकून घेऊ. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरे आहेत. २०१५ मध्ये महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या दोन राज्यांनी भागीदारी केली. हॅनोव्हरच्या प्रचंड औद्योगिक प्रदर्शनात २००६ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये भारत हा भागीदार देश होता. अशा गोष्टींनी दार उघडते, मंत्री आणि महापौर एकमेकांना नावाने ओळखू लागतात आणि शिष्टमंडळाला भेटीची वेळ लवकर मिळते. पण सहीच्या समारंभाच्या फोटोतून एकही बोल्ट बोटीवर चढत नाही. त्यासाठी कागद लागतात, आणि चेंबरचे कंटाळवाणे, पण खरे काम तिथून सुरू होते.

पहिला कागद दराचा. भाव सांगताना ‘एफओबी न्हावा शेवा’ असे लिहिण्याची आपल्याकडे पिढीजात सवय आहे. एफओबी हा आंतरराष्ट्रीय व्यापारातला एक ठरीव शब्द आहे. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय चेंबरने असे शब्द आणि त्यांचे अर्थ १९३६ मध्ये पहिल्यांदा बांधून दिले, त्यांना ‘इन्कोटर्म्स’ म्हणतात, आणि २०२० च्या आवृत्तीत असे ११ शब्द आहेत. माल कोणत्या क्षणापर्यंत विकणाऱ्याच्या जोखमीवर आणि कोणत्या क्षणापासून घेणाऱ्याच्या, हे या तीन अक्षरांत ठरते. एफओबीमध्ये माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची राहते. कंटेनर मात्र जहाज लागण्याच्या काही दिवस आधीच यार्डात सोपवावा लागतो, आणि त्या मधल्या दिवसांत तो भिजला, आपटला किंवा हरवला तर त्यावर आपला ताबा नसूनही नुकसान आपले. म्हणून कंटेनरने जाणाऱ्या मालाला ‘एफसीए’ हा शब्द जास्त योग्य आहे, कारण त्यात माल ठरलेल्या ठिकाणी वाहतूकदाराच्या हाती दिला की जोखीम उतरते. चेंबरच्या निर्यात-प्रशिक्षणात हा मुद्दा दर वेळी सांगितला जातो, आणि दुसऱ्या दिवशी बहुतेक जण कोटेशनवर पुन्हा एफओबीच लिहितात.

दुसरा कागद उत्पत्तीचा दाखला. बोलीभाषेत त्याला ‘सीओओ’ म्हणतात. माल कोणत्या देशात तयार झाला हे प्रमाणित करणारा हा दाखला चेंबरांच्या सर्वांत जुन्या कामांपैकी आहे. सीमाशुल्काच्या कागदपत्रांविषयी १९२३ मध्ये जिनिव्हात झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानेही चेंबरसारख्या संस्थांची ही भूमिका मान्य केली. तसे पाहिले तर प्रश्न सोपा वाटतो, बोल्ट भोसरीत बनला म्हणजे तो भारतीय. पण पोलादाची सळी बाहेरच्या देशातून आलेली असेल तर? तेव्हा पाहिले जाते की मालाचे स्वरूप खऱ्या अर्थाने शेवटचे कुठे बदलले. सळी कापून, ठोकून, आटे पाडून, उष्णता-प्रक्रिया करून बोल्ट तयार झाला असेल तर बदल इथे झाला. तयार बोल्ट आणून फक्त नव्या खोक्यात भरला असेल तर तो भारतीय होत नाही. चेंबर इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि उत्पादकाचे निवेदन ताडून पाहते आणि मगच दाखला देते. हे दाखले दोन प्रकारचे असतात. व्यापार करारानुसार सीमाशुल्कात सवलत मागायची असेल तर लागणारा एक, ज्याचे नियम त्या-त्या करारात असतात. आणि दुसरा, कोणतीही सवलत न मागता फक्त देश सांगणारा, जो प्रामुख्याने चेंबरे देतात. आता हे अर्ज विदेश व्यापार महासंचालनालयाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून होतात, त्यामुळे पूर्वीसारखे शिक्का मारून घेण्यासाठी माणूस पाठवावा लागत नाही. जर्मनीला जाणाऱ्या प्रत्येक मालाला हा दुसरा दाखला लागतोच असे नाही. ग्राहकाने किंवा त्याच्या बँकेने मागितला तर तो द्यावा लागतो. आखाती देशांत मात्र तो सर्रास मागितला जातो.

दाखला साधा दिसतो म्हणून तो निष्काळजीपणे भरला जातो. माझ्या पाहण्यातल्या एका व्यवहारात पॅकिंग लिस्टवर निव्वळ वजन १,२४० किलो होते आणि दाखल्यावर १,२०४ किलो. टंकलेखनात दोन आकडे उलटले होते. व्यवहार पतपत्रावर, म्हणजे एलसीवर होता (ठरलेले कागद बरोबर असतील तर पैसे देण्याची बँकेची लेखी हमी), आणि एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बँक कागद पाहते, माल पाहत नाही, आणि कागदांतली माहिती एकमेकांशी विसंगत असता कामा नये. बँकेने कागद अडवले. माल बंदरात पोहोचला होता, दुरुस्त दाखला पोहोचला नव्हता, आणि यार्डाचे भाडे दिवसागणिक चढत होते. चूक अर्जदाराची होती, चेंबरची नव्हती, पण दुरुस्त दाखला त्याच दिवशी मिळाला तो चेंबरच्या खिडकीत बसणाऱ्या माणसाला परिस्थितीचे गांभीर्य कळले म्हणून.

नमुन्याचे यंत्र प्रदर्शनात दाखवून परत आणायचे असेल तर आणखी एक सोय आहे. ‘एटीए कार्ने’ नावाचे हे पुस्तक म्हणजे मालाचा पासपोर्टच. हिरवे मुखपृष्ठ, देशातून नेताना आणि परत आणताना पिवळी पाने, परदेशात उतरवताना आणि तिथून काढताना पांढरी, आणि वाटेतल्या देशांसाठी निळी. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर चालणाऱ्या या व्यवस्थेत प्रत्येक देशातले चेंबर सीमाशुल्काची हमी घेते, म्हणून परदेशी कस्टम पैसे न भरता माल आत सोडते. भारतात हे काम फिक्की या उद्योग-व्यापार महासंघाकडे आहे, जर्मनीत विभागीय आयएचके ते करतात. माल एका वर्षाच्या आत परत आला नाही तर मात्र हमीचे पैसे वसूल होतात, तेव्हा प्रदर्शनातच यंत्र विकण्याचा मोह आवरावा किंवा आधी कागद बदलून घ्यावेत.

यापुढचा मुद्दा बहुतेक छोटे उद्योजक वाचतच नाहीत, आणि तो सर्वांत महागात पडतो. करारात वाद झाल्यास काय, हे एका परिच्छेदात लिहिलेले असते. समजा हाइलब्रॉनच्या ग्राहकाने माल घेतला आणि पैसे अडवले. आपण पुण्याच्या न्यायालयात दावा लावला, काही वर्षांनी जिंकलोही. त्या निकालाने जर्मनीतल्या बँक खात्याला हात लावता येईल का? परदेशी निकाल थेट अमलात आणण्याची आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेतली सोय फक्त अधिसूचित देशांपुरती आहे, आणि त्या यादीत ब्रिटन, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती आहेत, जर्मनी नाही. म्हणजे जर्मन न्यायालयाचा निकाल इथे सरळ वठवता येत नाही, आणि आपला निकाल घेऊन तिकडे जाणेही बेभरवशाचे असते. लवादाची, म्हणजे न्यायालयाऐवजी दोघांनी मान्य केलेल्या पंचाकडून निवाडा घेण्याची, गोष्ट वेगळी आहे. १९५८ च्या न्यूयॉर्क करारावर भारत आणि जर्मनी या दोघांच्याही सह्या आहेत, त्यामुळे लवादाचा निवाडा दुसऱ्या देशातले न्यायालय ठरावीक अपवाद वगळता मान्य करते.

लवादाची व्यवस्था चेंबरांच्या परंपरेतूनच वाढली आहे. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय चेंबरने आपले लवाद न्यायालय १९२३ मध्ये सुरू केले, आणि मुंबईतही २०१६ पासून आंतरराष्ट्रीय लवादाचे केंद्र चालू आहे. करारात चार गोष्टी स्पष्ट असाव्या लागतात. लवाद कोणत्या संस्थेच्या नियमांनी चालेल, त्याचे कायदेशीर ठिकाण कोणते, पंच एक की तीन, आणि भाषा कोणती. काही लाखांच्या ऑर्डरला तीन पंच आणि पॅरिस हे ठिकाण लिहिणे म्हणजे कोंबडीला हत्तीचा साखळदंड. एक पंच, इंग्रजी भाषा आणि दोघांना परवडेल असे ठिकाण पुरते, आणि त्याआधी चेंबरमार्फत समेटाचा प्रयत्न करण्याची अटही घालता येते. प्रत्यक्षात बहुतेक भांडणे तिथेच मिटतात, कारण दोघांनाही त्याच चेंबरकडे पुन्हा जायचे असते.

चेंबर पैशाची हमी देत नाही, हेही इथे सांगायला हवे. ‘चेंबरने नाव दिले होते’ अशी तक्रार घेऊन येणारे लोक असतात. चेंबर ओळख करून देते, व्यवहाराची जोखीम घेत नाही. त्यासाठी १९५७ मध्ये स्थापन झालेली ईसीजीसी ही सरकारी विमा कंपनी आहे, आणि पहिल्या काही ऑर्डरींना तिचा विमा घ्यावा, हा कोणत्याही शहाण्या निर्यातदाराचा सल्ला असेल.

माल जोडला गेला की माणसेही जोडावी लागतात. जर्मनीत व्यवसाय-शिक्षणाची ‘दुहेरी’ पद्धत आहे. विद्यार्थी आठवड्याचे काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस शाळेत शिकतो, आणि शेवटची परीक्षा आयएचके घेते. इंडो-जर्मन चेंबरने मुंबईत १९९१ मध्ये प्रशिक्षण केंद्र सुरू केले ते याच धर्तीवर. उलट दिशेनेही चेंबर लागते. आपल्याकडचा आयटीआय झालेला फिटर जर्मनीत नोकरीला जायचा म्हणतो, तेव्हा त्याची पात्रता तिथल्या पात्रतेच्या किती जवळ आहे हे ठरवण्याचे काम न्युर्नबर्गमधील ‘आयएचके फोसा’ ही आयएचकेंची संयुक्त संस्था करते. २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला, तेव्हा उत्साह मोठा होता. पण अशा योजनेचा वेग शेवटी दोन गोष्टी ठरवतात, जर्मन भाषा किती आली आणि पात्रतेला मान्यता मिळाली का. पुण्यात जर्मन शिकणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. पण मॅक्सम्युलर भवनात हौसेने शिकलेली भाषा आणि कारखान्यात सुरक्षेची सूचना ऐकून चटकन हात मागे घेण्याइतकी भाषा, यांत अंतर आहे.

दोन-तीन ऑर्डरी सुरळीत गेल्या की भोसरीचा मालक आणि हाइलब्रॉनचा खरेदी-अधिकारी एकमेकांना थेट फोन करू लागतात. घड्याळात हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक आहे हे त्यांना पाठ होते. ऑगस्टमध्ये तिकडे सुट्ट्या असतात म्हणून ड्रॉइंगची मंजुरी जुलैतच घ्यायची, आणि गणपती-दिवाळीत इकडे कामगार गावाला जातात म्हणून डिसेंबरचा माल आधी काढायचा, हेही ठरून जाते. चेंबरचा क्रमांक फोनमध्ये खाली-खाली सरकत जातो.

तो पुन्हा वर येतो तो एखादा नवा नियम आला की. जर्मनीत २०२३ पासून मोठ्या कंपन्यांना आपल्या पुरवठादारांकडे कामगारांचे हक्क पाळले जातात का, याची काळजी घेण्याचे कायदेशीर बंधन आले, आणि ती प्रश्नावली पायरी-पायरीने खाली उतरत भोसरीच्या शेडपर्यंत पोहोचली. त्यानंतर युरोपीय संघाची कार्बन सीमा-व्यवस्था आली, तिला ‘सीबीएएम’ म्हणतात. ऑक्टोबर २०२३ पासून तिचा माहिती देण्याचा टप्पा होता, आणि १ जानेवारी २०२६ पासून ती पैशाच्या भाराने लागू आहे. पोलाद तर तिच्यात आहेच, पोलादी बोल्ट आणि स्क्रूसुद्धा आहेत. भार आयातदारावर पडतो, पण तो मोजण्यासाठी लागणारे आकडे पुरवठादाराकडे असतात. माहिती देण्याच्या टप्प्यात बोल्ट बनवताना वीज किती लागली आणि भट्टीला इंधन कोणते, हेही विचारले जाई. मुख्य प्रश्न मात्र ज्या सळीपासून बोल्ट झाला ती बनवताना पोलाद कारखान्याने किती कार्बन सोडला, हा आहे. खरे आकडे दिले नाहीत तर आयातदाराला ठरीव आकडे धरावे लागतात. ते मुद्दाम चढे ठेवलेले असतात, आणि मग आपला बोल्ट तिकडे महाग पडतो.

एकटा छोटा कारखानदार पोलाद कंपनीला असे आकडे मागायला गेला तर त्याला कोणी दाद देत नाही. एकाच पट्ट्यातले चाळीस-पन्नास बोल्टवाले चेंबरमार्फत तेच मागतात, तेव्हा पोलाद कंपनीला एकच तक्ता तयार करून सर्वांना देणे सोयीचे वाटते. हाइलब्रॉनचे आयएचके आपल्या आयातदारांना कोणत्या रकान्यात काय भरायला सांगते आहे, हे मुंबईतल्या द्विपक्षीय चेंबरला विचारता येते, आणि तोच रकाना इथे समजावून सांगता येतो. भोसरीच्या मालकाने या कामासाठी चेंबरमध्ये येताना सळीच्या प्रत्येक लॉटसोबत पोलाद कारखान्याकडून आलेले तपासणीचे प्रमाणपत्र, म्हणजे मिल टेस्ट सर्टिफिकेट, घेऊन यावे. त्या सर्टिफिकेटवरचा हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या त्या ओतकामाचा क्रमांक, पुसट झाला असेल, तर सळी कापण्याआधीच त्याचा फोटो काढून ठेवावा.